वंशावळीतला रिकामा ठिपका

रक्तपेढीतून फोन आला तेव्हा ईश्वरी तालमीतल्या दोरावर चढलेली होती. खाली उतरून, हाताची माती पँटला पुसून तिनं तो घेतला. पलीकडचा माणूस इतका हळू बोलत होता की जणू त्याच्या शेजारी कोणी आजारी माणूस झोपलंय. शिवजयंतीच्या शिबिरात तुम्ही रक्त दिलं होतं ना ताई, म्हणाला, एकदा पेढीत येऊन भेटून जा. काय ते फोनवर सांगायची परवानगी नाही. घाबरू नका, पण या.

येते म्हणाली, आणि गेली नाही.

अठरा वर्षांची होती. कुस्तीच्या राज्य संघाच्या निवडीला अकरा दिवस उरले होते. आदल्या वर्षी एक मुलगी साध्या तापासाठी दवाखान्यात गेली आणि यादीतून नाव कटलं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. हिमोग्लोबिन कमी आलं असेल, मुलींचं येतंच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. त्या माणसानं आणखी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिनं तो कापला. त्यानंतर तो करायचा थांबला. त्याला बोल लावायला कुठे जागाच नाही. त्या बिचाऱ्यानं आपलं काम तीनदा केलं होतं.

त्याच आठवड्यात तिचा कान फुगला.

ज्यांनी तालीम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जोडीदाराच्या खांद्यावर, गुडघ्यावर, मातीवर कान घासून घासून आत रक्त साकळतं. कान पुरीसारखा फुगतो. ते रक्त काढलं नाही तर आतच गोठतं आणि कान जन्मभरासाठी चुरगळतो. मुलांच्या तालमीत असा कान मोडला की मुलगा आरशात पाहून हसतो. पैलवान झाल्याची ती सही असते. अंबरवाडीच्या मुलींच्या तालमीत मात्र हिशेब वेगळा होता. मुली कुस्ती खेळल्या तरी पुढं त्यांना बघायला पाहुणे येणार होते. म्हणून मुलींचे कान फुगले की लगेच रिकामे करायचे, हा तिथला रिवाज.

ते काम मालनकाकींचं. तालीम चालवणाऱ्या बापू वस्तादांची बायको. खानावळ, कोठी, मुलींची दुखणीखुपणी सगळं त्यांच्याकडे. त्यांचा भाऊ जनावरांच्या दवाखान्यात होता, त्यानं दिलेली एक जाड काचेची सिरिंज त्या वापरायच्या. प्लास्टिकच्या नळीला ओढ नसते, असं त्यांचं ठाम मत. साकळलेलं रक्त सैल व्हावं म्हणून आधी थोडं मीठपाणी आत सोडायचं, मग ओढून घ्यायचं. सिरिंज रोज सकाळी उकळायची. आणि सुई? सुई प्रत्येकीला नवी. मेडिकलमधून आणलेल्या खोक्यातली, डोळ्यांदेखत फोडलेली. सुई बदलली म्हणजे झालं, हे काकींना माहीत होतं, मुलींना माहीत होतं, मुलींच्या आईबापांनाही माहीत होतं. नळीचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

कान रिकामा करून, त्यावर पट्टी बांधून ईश्वरी निवडीला गेली. निवडलीही गेली. पुढं तीन आठवडे ती संघाच्या सराव शिबिरात होती, अंबरवाडीत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण चौदा वर्षांनी ती तिच्या फार उपयोगी पडू शकली असती.

*

चौदा वर्षांनी ईश्वरी शहरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होती. नवरा शंभूराज ड्रोन उडवून जमिनी मोजायचा. तीन वर्षांची अन्वी होती, आणि अन्वी झाल्यापासून ईश्वरीला काळजी करायचं जणू व्यसनच लागलं होतं. मुलीचं कपाळ तापलंय का, द्राक्ष उभं चिरलंय का, गॅलरीचं दार लागलंय का. शंभूराज म्हणायचा, एवढी पहारेदारी तर सीमेवर पण नसते.

फोन आला तो नम्रताचा. तालमीतली तिची जोडीदार, आता पोलिसात होती. दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीत नम्रताच्या रक्तात सी प्रकारच्या काविळीचा विषाणू निघाला होता. कावीळ म्हणायची एवढंच. डोळे कधी पिवळे झाले नाहीत की पोट दुखलं नाही. दुपारी ड्युटीवर डोळा लागायचा, वरिष्ठ बोलायचे, आणि तिला वाटायचं आपण आळशी झालोय. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा तिनं कानाचं सांगितलं. आता तालमीतल्या सगळ्यांना बोलावलंय, तू पण ये, म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हे ईश्वरीला नंतर फार वेळा आठवलं.

ईश्वरीनं स्वतःचं रक्त दिलं त्याच दिवशी अन्वीचंही दिलं. गरोदरपणात एचआयव्हीची आणि बी काविळीची तपासणी झाली होती. या सीची त्या यादीत नव्हती. आईकडून बाळाला हा आजार जाण्याचा धोका शंभरात पाच-सहा जणींना, असं सांगितलं गेलं. शंभरात पाच-सहा म्हणजे किती थोडे, हे तिला कळत होतं. पण निकाल येईपर्यंतचे तीन दिवस तिनं अन्वीची नखं कापायचं कटर वेगळं केलं, स्वतःचा दात घासायचा ब्रश दुसऱ्या खोलीत नेला, आणि मुलगी गुडघा खरचटून रडत आली तेव्हा तिला उचलून घ्यायच्या आधी स्वतःच्या हाताला कुठे चीर आहे का ते पाहिलं. त्या एका क्षणाबद्दल तिनं स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

अन्वीच्या रक्तात काही नव्हतं. शंभूराजच्याही. ईश्वरीच्या होतं.

*

जिल्ह्याच्या रुग्णालयात नवं यंत्र आलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव यकृतवेध. पूर्वी यकृतात काय चाललंय हे बघायचं तर बरगड्यांमधून लांब सुई घालून एक बारीक तुकडा काढायचे. सबंध यकृताचा पन्नास हजारावा भाग. म्हणजे पोत्यातला एकच दाणा बघून सगळा तांदूळ किती जुना ते सांगायचं. नव्या यंत्रात उजव्या बरगड्यांवर तळहाताएवढी चकती ठेवायची. ती आधी आवाजाचा हलका धक्का देते. धक्क्याची लाट मऊ भागातून सावकाश जाते, घट्ट भागातून वेगानं. मग चकती आत एक विशिष्ट प्रकाश सोडते आणि यकृतातले व्रणाचे तंतू त्याला आपापल्या रंगानं उत्तर देतात. तंतू जसजसे मुरतात तशा त्यांच्यातल्या रासायनिक गाठी वाढतात आणि रंग पालटतो. त्यामुळे कोणता तंतू परवाचा, कोणता दहा वर्षांपूर्वीचा, हे यंत्राला कळतं.

डॉ. आफरीन मुजावर यांनी पडदा ईश्वरीकडे वळवला. त्यांची बोलण्याची पद्धत शाळेतल्या चांगल्या बाईंसारखी होती. घाई नाही, आणि लपवाछपवीही नाही. हा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, म्हणाल्या, पण तो पेशींना फारसं मारत नाही. त्याला हुसकायला शरीराचेच शिपाई येतात आणि मोडतोड होते ती त्यांच्या मारामारीत. रक्तवाहिन्या यकृतात जिथून शिरतात त्या दारांपाशी या पांढऱ्या पेशींचे घोळके जमतात. मधल्या पेशींत चरबीचे थेंब साठतात. तुमच्या विषाणूची जात तशी आहे. या गोंधळात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात, एरवी जीवनसत्त्व साठवून निवांत बसलेल्या, त्या जाग्या होतात आणि डागडुजी म्हणून तंतू विणायला लागतात. आधी दाराभोवती. मग एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पूल. पूल जुळत गेले की मधला मऊ भाग बेटाबेटांत तुटतो, बेटांच्या गाठी होतात. तिथवर गेलं की परतीची वाट अवघड. आणि या सगळ्यात दुखत काहीच नाही.

मग त्यांनी नम्रताचं चित्र दाखवलं; नम्रतानंच परवानगी दिली होती. पडद्यावर पूल जुळत आलेले होते. त्याशेजारी ईश्वरीचं चित्र. दारांभोवती पातळ झालर, बाकी सगळं मऊ.

माझं कमी आहे, ईश्वरी म्हणाली, आणि तिला हायसं वाटलं.

"कमी आहे, पण जुनं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी सगळ्यांचे पहिले तंतू चौदा वर्षांपूर्वीचे आहेत. तुमचे तीस वर्षांपूर्वीचे."

तीस वर्षांपूर्वी ईश्वरी दोन वर्षांची होती. कुठल्या तापातलं इंजेक्शन, सोनाराकडची कान टोचायची तार, काय ते आता कोणीच सांगू शकत नव्हतं. लहानपणी आलेला विषाणू कित्येकदा असाच सावकाश चालतो, म्हणाल्या डॉक्टर. ज्यांना उशिरा लागला त्यांना तो लवकर पोखरतोय, तुम्हाला नाही. यात न्याय शोधू नका.

दुसरी तपासणी रक्ताची होती. विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो, आणि त्या चुका पुढच्या नकलांत उतरत जातात, जसं एखाद्या घराण्यात नाक उतरतं. त्या चुका जुळवल्या की कोणाचा विषाणू कोणाकडून आला याची वंशावळ मांडता येते. तालमीतल्या सात जणी बाधित होत्या: ईश्वरी आणि आणखी सहा. पडद्यावर वंशावळ आली. सर्वांत वर ईश्वरीचा ठिपका. खाली सहा ठिपके, एकमेकींच्या सख्ख्या बहिणींसारखे. आणि मध्ये एक गोल, आत रंग नसलेला.

सहाही जणींच्या विषाणूत तीन खुणा सारख्या होत्या ज्या ईश्वरीत नव्हत्या. सहा जणींतल्या विषाणूंनी वेगवेगळं राहून त्याच तीन चुका केल्या, असं होत नाही. म्हणजे ईश्वरीतून निघालेला विषाणू आधी कोणा एकीच्या अंगात शिरला, तिथे दोन-तीन आठवडे वाढला, तिथे त्या खुणा उमटल्या, आणि मग तिच्याकडून सहा जणींत गेला.

"इथे कोणीतरी आहे," डॉक्टरांनी रिकाम्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "तपासणीला न आलेली. तालमीच्या वहीत नाव नसलेली. तिच्या यकृतात आज काय चालू असेल याचा आम्हाला बराच अंदाज आहे. ती कोण आहे, कुठे आहे, हेच माहीत नाही."

ही वंशावळ मी कोणालाही दाखवणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. तुमचं तुम्हाला दाखवलं, एवढंच. पण मालनकाकी शपथेवर सांगतात की त्या दिवसांत कान सातच जणींचे काढले. त्यांना पुन्हा विचारायला मी गेले तर त्या दारातूनच परत पाठवतील.

ईश्वरीनं रक्तपेढीच्या फोनबद्दल तेव्हा डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

*

अंबरवाडीत तोवर निकाल लागला होता. काकींनी घाण सुईनं पोरी नासवल्या, असं जो तो म्हणत होता. बापू वस्ताद जाऊन सहा वर्षं झाली होती. तालीम काकीच चालवत होत्या. महिन्याभरात मुली येईनाशा झाल्या. ज्या घरांत लग्नाचा स्वयंपाक काकींच्या देखरेखीशिवाय व्हायचा नाही, त्या घरांतून आता बोलावणं बंद झालं. हा आजार पाण्यानं, अन्नानं पसरत नाही आणि काकींच्या अंगात तर तो नाहीच, हे सांगूनही कोणी त्यांच्या हातचा चहा घेईना.

ईश्वरीनं शंभूराजला सगळं सांगितलं. फोनचंही. तो गच्चीत ड्रोनची पाती पुसत बसला होता, पुसायचा थांबला. मग म्हणाला की ज्या आठवड्यात त्या सहा जणींना लागलं त्या आठवड्यात तू गावातच नव्हतीस. कोणी तुझं नाव घेऊच शकत नाही. गोळ्या घे, आठ आठवड्यांत बरी होशील, कशाला उकरून काढायचं? तो वाईट माणूस नव्हता. तो बाप होता.

"अन्वीच्या शाळेत हे कळलं, तर तिच्या डब्याला कोण हात लावेल सांग."

हाच प्रश्न ईश्वरी चार दिवस स्वतःला विचारत होती. पण त्या रिकाम्या गोलातही कोणाची तरी आई असेल, तिच्याही मुलांचा डबा कोणीतरी भरतच असेल, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. ती दुपारी भांडी घासताना ओट्याला टेकत असेल. जरा थकवा, म्हणत असेल.

रविवारी अन्वीला शंभूराजजवळ ठेवून ती अंबरवाडीला गेली.

*

काकी तालमीच्या हौद्यात होत्या. बासष्टाव्या वर्षी, लुगडं खोचून, खोरं हातात घेऊन एकट्याच लाल माती उकरत होत्या. खेळायला कोणी नव्हतं तरी.

"आलीस व्हय," त्या वर न बघता म्हणाल्या. "मला वाटलं, तू बी आता लांबनंच नमस्कार घालणार."

ईश्वरीनं विचारलं, कोणासाठी उकरताय? माती रोज हलवली न्हाई तर बसती, काकी म्हणाल्या. एकदा बसली की दगूड. मग तेल घाला, ताक घाला, ती काय पयल्यासारखी होत न्हाई. ईश्वरीला नम्रताच्या यकृताचं चित्र आठवलं, पण ती ते बोलली नाही.

चहा झाला. चहा घेशील का डॉक्टरनं नको म्हटलंय, असा टोमणा आधी मारून झाला. ईश्वरीनं कप रिकामा करून पुन्हा पुढे केला, तेव्हा काकींचा चेहरा जरा सैलावला. मग त्या स्वतःहून बोलायला लागल्या. नम्रीच्या आईनं दारात येऊन शिव्या दिल्या, म्हणाल्या, आणि मी ऐकून घेतल्या. बरोबरच होतं तिचं. पोरींचे कान चांगले राहावेत म्हणून केलं आणि काळजाला भोकं पाडून ठेवली.

ईश्वरी मातीत मांडी घालून बसली. येताना बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"काकी, ते माझ्यापासनं सुरू झालं," ती म्हणाली. "तुमच्या सुईत काही नव्हतं. माझ्या अंगात होतं, लहानपणापासून. आणि त्याच आठवड्यात मला रक्तपेढीतून फोन आलेला. येऊन जा म्हणाले. मी गेले नाही. निवड जाईल म्हणून."

काकींनी खोरं भिंतीला टेकवलं.

"किती वेळा आला फोन?"

"तीनदा."

"आणि मी सुई किती वेळा बदलली?"

"दर वेळेला."

"आणि नळी?"

ईश्वरीनं मातीतला एक खडा उचलून कडेला टाकला.

"एकदा बी न्हाई," काकी म्हणाल्या. "मग सगळं एकटीच कशाला ओढून घेतीस? ही कुस्ती बरोबरीत सुटली म्हण." आणि जरा थांबून, वेगळ्या आवाजात, "पण नम्रीला सांग. ती लाथ घालंल. घालू दे. खा लाथ."

ईश्वरी रडत होती, पण ज्या कामाला आली होती ते अजून राहिलं होतं. तिनं बोटानं मातीत ठिपके काढले. वर एक, खाली सहा. मध्ये एक गोल. मी इथं, या सहा जणी इथं, आणि ही मधली कोण, विचारलं. मशीन म्हणतंय, ही आहे. माझ्यानंतर लगेच हिचा कान काढलाय, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा हिचा, आणि हिच्या मागोमाग सहा जणींचे.

काकी त्या गोलाकडे पाहत राहिल्या. मग पायानं त्यांनी तो पुसून टाकला.

शब्द दिलाय तिला, म्हणाल्या.

*

ती पलीकडच्या आळीतली नवी सून होती. माहेरी कुस्ती खेळायची. तालुक्यात नाव होतं. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना सांगितलं ते शाळेत खो-खो खेळायची एवढंच. लग्नानंतर सहा महिन्यांनी ती तालमीत ताक घालायला म्हणून आली आणि हौद्याच्या कडेला उभी राहून रडायला लागली. काकींना काय कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून दुपारी, तालमीच्या हॉस्टेलच्या मुली झोपल्या की दाराला कडी लागायची आणि अर्धा तास काकी स्वतः तिच्याशी लढायच्या. ताकाची कासंडी ठेवायला एवढा वेळ कसा लागतो, असं सासू एकदा म्हणालीही होती. वर्षभर हे चाललं. वहीत नाव नाही, फोटोत ती नाही, वस्तादांनासुद्धा पत्ता नाही.

कान फुगला तेव्हा ती घाबरून पांढरी पडली. सासरी कळलं असतं तर संपलं होतं. ईश्वरीचा कान सकाळी काढला होता. त्याच नळीनं, नव्या सुईनं, दुपारी तिचा काढला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा भरला. त्या दिवशी जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानासाठी बाकीच्या मुलींचेही कान काढायचे होते. ती आधी आली.

पुढं नवऱ्याला कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली. घर विकून सगळे पुण्याकडे गेले. जाताना ती काकींच्या पाया पडली आणि म्हणाली, काकी, मी इथं कधी आलेच नव्हते असं समजा. काकी म्हणाल्या, बरं. चौदा वर्षं त्यांनी ते पाळलं. गावानं वाळीत टाकलं तरी पाळलं.

आता त्यांनी नाव सांगितलं. पण अट घातली. तिचं नाव कुठं छापायचं नाही, आणि तिच्या घरच्यांनी वाचलं तर ती ओळखू येईल अशी एकही खूण द्यायची नाही.

ईश्वरीनंही शब्द दिला.

*

डॉ. मुजावर यांनी नोंदींत शोधलं. त्या नावाच्या, त्या वयाच्या सत्तरेक बायका निघाल्या. पत्र पाठवलं तर ते घरात आधी कोण फोडेल सांगता येत नव्हतं. माहेरी आईवडील राहिले नव्हते. भाऊ म्हणाला, बोलणं नाही आमचं. शोध तिथेच अडकला.

यंत्र मात्र अडकलं नाही. सहा जणींची चित्रं, विषाणूची जात, गेलेली वर्षं, या सगळ्यावरून डॉक्टरांनी त्या न पाहिलेल्या यकृताची चित्रं काढून पाहिली. एक नव्हे, हजार शक्यता. दर तिनातल्या एका चित्रात पूल जुळलेले होते. या घडीला गोळ्या सुरू झाल्या तर विषाणू जाईल आणि तंतूंचे पूल हळूहळू विरघळतीलही; यकृताएवढा क्षमाशील अवयव शरीरात दुसरा नाही. पण गाठी बनल्या की विषाणू गेला तरी त्या सहसा जात नाहीत, आणि त्यांच्यात कर्करोगाची भीती राहते. मध्ये किती वेळ आहे, ईश्वरीनं विचारलं. दोन वर्षं, डॉक्टर म्हणाल्या. तीन धरू नका.

नम्रताला ईश्वरीनं समोर बसून सांगितलं. नम्रता उठून निघून गेली. पाच आठवडे तिनं एकही फोन घेतला नाही. मग एक दिवस नुसता फोटो आला: गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि खाली दोन शब्द, खाऊन झाल्या. ईश्वरीनं तो फोटो किती वेळा उघडून पाहिला याची मोजदाद नाही. काकींची तालीम अजून ओस आहे. पण नम्रता एका रविवारी गणवेशात तिथं गेली, पायरीवर बसून चार लोकांदेखत काकींच्या हातचा चहा प्यायली, असं कळलं.

राहिली ती रिकाम्या ठिपक्यातली एकटी. तिच्यापर्यंत पोचावं म्हणून वर्तमानपत्रात द्यायच्या लेखात काय लिहायचं यावर ईश्वरी महिनाभर अडली होती. खुणा लिहाव्यात तर शब्द मोडतो. न लिहाव्यात तर वाचणाऱ्याला कळायचं कसं? शेवटी तिनं ठरवलं की खुणा लिहायच्या त्या स्वतःच्या. तालीम, साल, आपलं नाव, तीन फोन, सगळं. ती वाचेल तर तिला समजेल. गावाचं नाव आणि काकींबरोबरची ती दुपारची कुस्ती मात्र बदलून लिहायची, म्हणजे तिच्या घरात दुसऱ्या कोणाला समजणार नाही. शंभूराजनं मसुदा वाचला. अन्वीचं नाव खोडून तिथे 'माझी मुलगी' असं लिहिलं, आणि बाकी तसंच ठेवून परत दिला.

मसुद्याचा शेवट असा होता:

'ती हे वाचेलच असं नाही. वाचायला उसंत मिळणाऱ्यांतली ती नसावी. म्हणून तिच्याऐवजी तुम्हाला सांगते आहे. तुमच्या घरात, शेजारी, कामावर तिशी ओलांडलेली कोणी असेल. दुपारनंतर जी जरा भिंतीला टेकते, जेवण जात नाही म्हणते, आणि काय होतंय विचारलं की काही नाही म्हणते. ती पूर्वी काय करत होती, कुठून आली, हे तिला विचारू नका. तिनं ते कोणाला सांगितलं नसेल तर त्याला कारण असेल. तिला तपासून घे असंही म्हणू नका, ती जाणार नाही. नुसतं म्हणा, मला रक्त तपासायला जायचंय, एकटीला भीती वाटते, सोबत येशील का. सोबतीला ती नाही म्हणणार नाही. तिथं पोचलात की आधी तुमचं नाव लिहा, आणि त्याच्या खाली तिचं.'

तो छापायला देताना तिनं शेवटी आणखी एक ओळ घातली.

'हे वाचून झाल्यावर, जमत असेल तर आजच, तिच्याकडे एकदा जाऊन या.'